आधी तारीख, मग आरोप

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये इलोपांगो नावाचा तलाव आहे. प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचली, त्या खड्ड्यात पाणी साठले आणि हा तलाव झाला. त्या उद्रेकाची पांढरी राख माया लोकांच्या वस्त्यांवर पसरली आणि भोवतालचा किमान ८० किलोमीटरचा टापू काही वर्षे, कदाचित काही दशके, राहण्याजोगा उरला नाही. हे कधी घडले? आधी उत्तर होते तिसरे शतक. मग रेडिओकार्बनने, म्हणजे जुन्या लाकडातल्या कार्बन-१४वरून वय काढण्याच्या पद्धतीने, इ.स. ४०८ ते ५३६ असा ऐसपैस पट्टा दिला. मग तारीख ५३५च्या आसपास सरकली, २०१९मध्ये ५३९-५४० झाली. आणि २०२०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात, ७,००० किलोमीटरवर, या उद्रेकाच्या राखेचे कण सापडले तेव्हा तारीख निघाली इ.स. ४३१, दोन वर्षे इकडे किंवा तिकडे.

म्हणजे एक शतकाचा फरक. तारीख चुकली यात नवल नाही. नवल आहे ती ज्या दिशेने सरकत गेली त्याचे. इ.स. ५३६मध्ये भूमध्य समुद्राच्या परिसरात सूर्य वर्षभर निस्तेज झाल्याचे प्रोकोपियस या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे आणि त्या दशकातला गारठा झाडांच्या वर्तुळांतही उमटला आहे. या गारठ्याला ज्वालामुखी हवा होता, आणि इलोपांगोला तारीख हवी होती. रेडिओकार्बनच्या मोजमापाचे कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख, म्हणजे कॅलिब्रेशन वक्र, साधारण ४३० ते ५४० या काळात जवळपास सपाट आहे, त्यामुळे शंभर वर्षांतली कोणतीही तारीख मोजमापाच्या विरोधात जात नव्हती. अशा सपाटीवर तारीख तिथेच जाऊन बसते जिथे तिची गरज असते.

मागणी साधी आहे. एखाद्या उद्रेकाला पर्यावरणातल्या बदलाचे कारण म्हणायचे असेल, तर उद्रेकाची तारीख त्या बदलाकडे न पाहता, स्वतंत्रपणे काढलेली असली पाहिजे. तशी ती नसेल तर ‘तारखा जुळतात’ या वाक्याला पुराव्याची किंमत देऊ नये. संशोधन नियतकालिकांनी देऊ नये, पाठ्यपुस्तकांनी देऊ नये आणि माध्यमांनी तर मुळीच देऊ नये.

हा तज्ज्ञांचा आपसातला वाद नाही. स्ट्रॅटोस्फियरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, सल्फर डायऑक्साइड सोडून पृथ्वी थंड करण्याच्या योजना आज गंभीरपणे मांडल्या जातात आणि त्यांचा आधार ज्वालामुखी हाच असतो: १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जगाचे सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. त्याहून मोठ्या उद्रेकांनी काय होते, पाऊस किती हटतो, पिके कुठे बुडतात, हे पाहायला प्राचीन उद्रेकांशिवाय दुसरी प्रयोगशाळा नाही. पुढचा मोठा उद्रेक किती वर्षांनी येऊ शकतो हा अंदाजही याच तारखांवर उभा आहे. चुकीच्या उद्रेकाला चुकीचा गारठा चिकटवला की त्या हिशोबात एवढ्या गंधकाने एवढी थंडी हे प्रमाणच बिघडते.

जुळणी किती स्वस्त असते ते आधी पाहू. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात गेल्या अडीच हजार वर्षांत अडीचशेहून अधिक उद्रेकांचे सल्फेट नोंदले गेले आहे. सरासरी दर दहा वर्षांना एक. आता एखाद्या राजघराण्याच्या पाडावाची किंवा दुष्काळाची तारीख अधिक-उणे वीस वर्षे इतकी सैल असेल, तर त्या चाळीस वर्षांत चारएक उद्रेक असणारच. त्यातला एक उचलून ‘कारण सापडले’ म्हणणे म्हणजे आंधळ्याने दगड मारावा आणि लागेल त्याला नेम म्हणावे. लहान उद्रेक वगळले तर संख्या घटते हे खरे. पण किती लहान ते वगळायचे, हा उंबरठाही आधी ठरवायला हवा. तो बहुतेक वेळा निकाल पाहून ठरतो.

बर्फाची तारीख म्हणजे तरी काय? दरवर्षीचा बर्फाचा थर मोजत खाली जायचे. उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे धूळ, सोडियम, अमोनियम यांचे प्रमाण वरखाली होते, त्यावरून वर्षे मोजली जातात. एखादा क्षीण थर निसटतो, एखादा दुहेरी मोजला जातो, आणि खोलवर या चुका साठत जातात. म्हणून मध्ये मध्ये खुंटे ठोकतात: इतिहासातून माहीत असलेला उद्रेक बर्फात ओळखायचा आणि मोजणी तिथे बांधायची. ग्रीनलंडच्या प्रमाण कालगणनेतला असा एक खुंटा होता इटलीतल्या व्हेसुव्हियसचा इ.स. ७९चा उद्रेक. गडबड तिथेच झाली. बेलफास्टचे वृक्षवलय-अभ्यासक माइक बेली यांनी २००८मध्ये दाखवून दिले की झाडे ५३६ आणि ५४१मध्ये गारठतात, पण उद्रेकांच्या गंधकाने बर्फात आलेले आम्लाचे थर ५२९ आणि ५३३च्या सुमारास येतात; सातव्या शतकाआधीची सगळी मोजणी सुमारे सात वर्षांनी पुढे आणावी. बर्फवाल्यांनी ते लगेच मानले नाही. मानायला भाग पाडले ते ज्वालामुखीशी काहीही संबंध नसलेल्या एका घटनेने. २०१२मध्ये जपानी देवदारांच्या वर्तुळांत इ.स. ७७४-७७५ला कार्बन-१४ची एकाएकी वाढ सापडली. अवकाशातून आलेल्या कणांच्या त्याच भडिमाराने बर्फात बेरिलियम-१० वाढलेले असणार. ते शोधले, सापडले, आणि बर्फाचे वर्ष झाडाच्या वर्षाशी जुळत नाही हे उघड झाले. २०१५मध्ये नवी कालगणना आली. व्हेसुव्हियसचा म्हणून मानलेला थर काही वर्षांनी सरकला, आणि त्यातली राख व्हेसुव्हियसची नव्हतीच असेही २०२२मध्ये दाखवण्यात आले.

सात वर्षे म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ज्वालामुखीचे सल्फेट स्ट्रॅटोस्फियरमध्ये वर्ष-दोन वर्षे टिकते. सात वर्षांच्या चुकीत गारठा उद्रेकाच्या आधी येऊ शकतो. तसे झाले तर नाते लागतच नाही, किंवा भलत्याच उद्रेकाशी लागते. नवी कालगणना येण्यापूर्वीची कितीतरी विश्लेषणे ‘उद्रेकांचा झाडांवर फारसा परिणाम दिसत नाही’ असे सांगत होती. तारखा सरकवल्या आणि परिणाम स्वच्छ दिसू लागला. सैल तारीख खोटे नाते जोडते तसे खरे नाते लपवतेही. काटेकोरपणाचा आग्रह हा ज्वालामुखींना निर्दोष सोडण्याचा डाव नाही, तो यासाठी.

थेराचे प्रकरण याच धर्तीचे, पण अजून मिटलेले नाही. एजियन समुद्रातल्या या उद्रेकाला पुरातत्त्वाने, इजिप्तच्या राजवंशांशी सांगड घालून, इ.स.पू. सोळाव्या शतकात ठेवले. इ.स.पू. १६२८च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रिसलकोन पाइनच्या खोडात गोठल्याच्या खुणा मिळाल्या. बर्फात १६४५च्या आसपास सल्फेट मिळाले. दोन्ही थेराच्या नावावर जमा झाले. २००६मध्ये उद्रेकाच्या राखेत गाडलेल्या ऑलिव्हच्या फांदीवरून १६२७ ते १६०० अशी तारीख आली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पुढे तीन गोष्टी झाल्या. ऑलिव्हची वर्तुळे स्पष्ट नसतात, त्यामुळे वर्षे मोजताना माणसागणिक उत्तर बदलते, हे दाखवले गेले. एकेका वर्षाच्या लाकडावर नव्याने केलेल्या रेडिओकार्बन मोजणीने कॅलिब्रेशन वक्र थोडा हलला आणि सोळावे शतक पुन्हा शक्य कोटीत आले. आणि बर्फातला तो सल्फेटचा थर? त्यातली काच, म्हणजे राखेतले काचेसारखे कण, अलास्कातल्या अनियाकचाक ज्वालामुखीची निघाली. सुधारित कालगणनेत त्या थराचे वर्ष येते इ.स.पू. १६२८. म्हणजे झाडांना बसलेला तडाखा खरा, उद्रेक खरा, वर्षही खरे. फक्त ज्वालामुखी दुसराच. थेरासाठी आता बर्फात १६११, १५६२ ते १५५५ आणि १५३८ हे उमेदवार उरले आहेत. यातला कुठला, ते ठरवायला तारखांची जुळणी निरुपयोगी आहे. त्या थरात थेराची काच मिळायला हवी, तिची रासायनिक ओळख पटायला हवी. काचेच्या एकेका कणाचे सिलिका, पोटॅशियम, लोह, टायटॅनियम मोजून ज्वालामुखीची खूण पटवणे हे कष्टाचे काम आहे. कण अनेकदा केसाच्या जाडीहूनही लहान असतात आणि किलोभर बर्फ वितळवून हाती दोन-चार लागतात. पण दुसरा रस्ता नाही.

काच मिळून तारीख पक्की झाली तरी कारण सिद्ध होत नाही. अलास्काच्याच ओकमोकचे उदाहरण घ्या. हा उद्रेक इ.स.पू. ४३च्या सुरुवातीचा, बर्फातली काच जुळलेली, त्यानंतरची दोन वर्षे गेल्या अडीच हजार वर्षांतल्या सर्वांत थंड वर्षांपैकी. हे काम उत्तम आहे. बातम्यांत मात्र ‘अलास्काच्या ज्वालामुखीने रोमन प्रजासत्ताक बुडवले’ असे छापून आले. सीझरचा खून इ.स.पू. ४४च्या मार्चमधला. यादवी त्याच्याही आधीपासूनची. गारठ्याने दुष्काळ आणि रोगराई वाढली असेल, ईजिप्तमध्ये नाईलचा पूर आटला असेल. पण प्रजासत्ताकाला खिंडार पडले ते उद्रेकापूर्वी. क्रम पाहायला कॅलेंडर पुरते, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र, लागत नाही.

आता कोट्यवधी वर्षांकडे. तिथे वर्षे मोजता येत नाहीत, अणू मोजावे लागतात. आणि ‘अचूक तारीख’ कशी तयार होते हे पाहिल्याशिवाय तिच्यापुढच्या अधिक-उणे चिन्हाचा अर्थ कळत नाही.

सर्वांत भरवशाचे घड्याळ म्हणजे झिरकॉन. हा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसे बाहेर ठेवतो, म्हणून आत सापडणारे शिसे जवळपास सगळे युरेनियमच्या क्षयातून आलेले. राखेच्या थराचे काही किलो साहित्य कुटून, धुऊन, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळे करायचे. मेथिलीन आयोडाइडची घनता ३.३, झिरकॉनची ४.६ च्या वर, म्हणून झिरकॉन तळाशी बसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार, लांबुळके, कडा न झिजलेले कण एकेक करून निवडायचे. गोलसर कण जुन्या खडकातून वाहून आलेले असण्याची शक्यता जास्त. हे कण ९०० अंश सेल्सियसला दोन-अडीच दिवस भाजतात. नंतर दाबाच्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आम्लात साधारण २०० अंशांना अर्धा दिवस ठेवतात. स्फटिकाचे किरणोत्साराने खिळखिळे झालेले भाग, जिथून शिसे गळून गेलेले असते, ते विरघळून जातात; उरतो तो निकोप गाभा. २००५पूर्वी ही पायरी रूढ नव्हती, आणि त्या काळच्या बऱ्याच तारखा खऱ्यापेक्षा तरुण आहेत त्या याच गळतीमुळे. जुने आकडे नव्या लेखात आहेत तसे उचलणारे हे विसरतात.

उरलेला कण विरघळवून त्यात ठरावीक समस्थानिकांचे मोजून ठेवलेले मिश्रण, म्हणजे ट्रेसर, घालतात. शिसे व युरेनियम वेगळे करून रेनियमच्या तारेवर ठेवतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजतात. एका कणातले मोजण्याजोगे शिसे काही पिकोग्रॅम. हवेत, धुळीत, आम्लात शिसे असतेच. प्रयोगशाळेतून एक पिकोग्रॅम जरी आत आले तरी आकडा हलतो. शिवाय झिरकॉन थोरियम फारसा घेत नाही, त्यामुळे क्षयाच्या साखळीतला एक दुवा सुरुवातीला कमी पडतो. ही दुरुस्ती केली नाही तर वय जवळपास एक लाख वर्षांपर्यंत कमी येऊ शकते.

एवढे सगळे नीट पार पडले तरी जे हाती येते ते झिरकॉन घडल्याचे वय, उद्रेकाचे नव्हे. स्फटिक मॅग्माच्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या, साठ्यात हजारो वर्षे, कधी लाखो वर्षे पडून राहतो. एकाच राखेतल्या आठ कणांची वये दोन लाख वर्षांत विखुरलेली असू शकतात. उद्रेक कोणता धरायचा? सर्वांत तरुण कण धरला तर तो शिसे गळलेला असेल. सरासरी घेतली तर ती उद्रेकापेक्षा जुनी येईल. याला एक ठरलेले उत्तर नाही, गट आपापली पद्धत वापरतात, आणि म्हणून एकाच आकडेवारीतून दोन वेगळे उद्रेककाळ निघतात. लेखात पद्धत लिहिलेली असते. बातमीत नसते.

त्यानंतर येते अधिक-उणे. ते तीन मजली असते: निव्वळ मोजमापाची अनिश्चितता, तीत ट्रेसरची मिळवून झालेली, आणि तीत क्षयाच्या वेगाची मिळवून झालेली. एकाच प्रयोगशाळेत, एकाच ट्रेसरने, एकाच पद्धतीने काढलेल्या दोन वयांची तुलना करायची असेल तर पहिला मजला पुरतो. युरेनियम-शिशाच्या वयाची आर्गॉनच्या वयाशी, म्हणजे पोटॅशियमच्या क्षयातून बनणाऱ्या आर्गॉनवरून काढलेल्या वयाशी, तुलना करायची तर तिन्ही लागतात. प्रसिद्धीपत्रकात नेहमी पहिलाच छापतात, कारण तो सर्वांत लहान दिसतो. ही सवय मोडली पाहिजे.

आर्गॉनच्या पद्धतीत याचे मोल चांगलेच कळले. तिथे नमुन्यासोबत माहीत वयाचे खनिज अणुभट्टीत ठेवतात आणि त्याच्या तुलनेत वय काढतात. सर्वाधिक वापरले जाणारे खनिज म्हणजे फिश कॅन्यनचा सॅनिडीन. त्याचे मानलेले वय २.८०२ कोटी वर्षे होते. २००८मध्ये ते २.८२०१ कोटी केले गेले. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. पण या एका दुरुस्तीने डायनोसॉर नामशेष झाले त्या सीमेच्या आर्गॉन वयात सुमारे चार लाख वर्षांची भर पडते. ६.५५ कोटीची सीमा ६.६० कोटीवर आली त्यामागे हेच मुख्य कारण. खडक तोच, मोजमापही तेच, फक्त मापदंड बदलला. जुन्या मापदंडावरचा उद्रेक आणि नव्या मापदंडावरची सीमा एका आलेखात ठेवणारे लेख आजही दिसतात.

डायनोसॉरच्या नाशात दख्खनच्या लाव्हाचा हात किती, हे भांडण या पार्श्वभूमीवर वाचावे. बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतो. म्हणून एका गटाने लाव्हाच्या थरांमधल्या तांबड्या मातकट थरांत, रेड बोलमध्ये, बाहेरून पडलेल्या राखेचे झिरकॉन शोधले. दुसऱ्या गटाने लाव्हातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजातले आर्गॉन मोजले. दोन्ही लेख फेब्रुवारी २०१९मध्ये एकाच अंकात आले. पहिल्याने चार मोठे टप्पे दाखवले, त्यातला दुसरा त्या सीमेवरच्या उल्कापाताच्या काही दहा हजार वर्षे आधीचा. दुसऱ्याने म्हटले की सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा सीमेनंतरचा आहे. वाचकांना वाटले, एक खरा तर दुसरा खोटा. तसे नव्हते. प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम कमी, म्हणून आर्गॉनची अनिश्चितता मोठी, आणि ती पूर्ण धरली तर दोन्ही आकडेवाऱ्या एकमेकींत बसतात. भांडण मुख्यतः हे होते की सीमा लाव्हाच्या कोणत्या थरापाशी आखायची. पोलादपूर नावाच्या थरसमूहाच्या वर की त्याच्या तळाशी? काही दहा हजार वर्षांच्या या फरकावर ज्वालामुखी आरोपी ठरतो की साक्षीदार, हे अवलंबून आहे. आणि दोन्ही गट लाव्हाचे घनफळ मोजत होते, वायूचे नव्हे. वायू लाव्हाच्या आधी निसटू शकतो. हा धागा अजून कोणाच्या हाती पक्का लागलेला नाही.

‘इतकी सोवळेगिरी केली तर कारण कधीच सिद्ध होणार नाही’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याला उत्तर सायबेरियाने दिलेले आहे. पर्मियन कालखंडाच्या शेवटी समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती नाहीशा झाल्या. चीनमधल्या मेईशानच्या खडकात तो संहार २५.१९४१ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन २५.१८८० कोटी वर्षांपूर्वी संपला. अवधी साठ हजार वर्षे, अधिक-उणे अठ्ठेचाळीस हजार. सायबेरियाचा लाव्हा आणि मेईशानची राख या दोन्हींचे झिरकॉन एकाच प्रयोगशाळेत, एकाच ट्रेसरने मोजले गेले, म्हणून पहिला मजला पुरला आणि क्रम दिसला. लाव्हा संहाराच्या सुमारे तीन लाख वर्षे आधीच वाहू लागला होता. म्हणजे नुसता लाव्हा हे उत्तर अपुरे. मग लक्ष गेले ते जमिनीखाली कोळसा आणि क्षारांच्या थरांत आडव्या घुसलेल्या मॅग्माकडे, ज्याने ते थर भाजून प्रचंड वायू सोडला असणार. त्या घुसखोरीची सुरुवात संहाराच्या काळाशी जुळते. काटेकोर तारखांनी आरोप ढिला केला नाही, गुन्ह्याची पद्धत शोधून दिली.

म्हणून पैसा आणि नियम यांबद्दल तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. नव्या, चमकदार उद्रेकाच्या शोधाला अनुदान मिळते तितक्याच सहजपणे जुन्या, गाजलेल्या नमुन्यांची वये नव्या पद्धतीने पुन्हा काढायला मिळावे. आज असा प्रस्ताव ‘यात नवे काय’ म्हणून परत येतो. प्रत्येक कणाचा कच्चा आकडा, वगळलेल्या कणांसकट आणि वगळण्याच्या कारणासकट, लेखासोबत खुला असावा. मापदंड पुन्हा बदलेल तेव्हा कोणालाही वय नव्याने काढता यावे. आणि नमुन्याचा एक भाग न वापरता जपून ठेवावा. कुकडी नदीकाठच्या बोरी इथल्या ज्वालामुखी राखेचे उदाहरण पुरेसे आहे. तिच्यासोबत आशूलियन, म्हणजे पुराश्मयुगातली, दगडी हत्यारे मिळतात आणि तिचे वय ७५ हजार वर्षांपासून १४ लाख वर्षांपर्यंत सांगितले गेले आहे. कोणी काचेच्या रासायनिक ओळखीवरून तिला इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महाउद्रेकाची ठरवले, कोणी आर्गॉनवरून त्याच्या कितीतरी आधीची. नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या बेसॉल्टचे कण मिसळतात. एकत्र मोजले की वय फुगते, आणि एकेक कण वेगळा करून मोजायला नमुना पुरेसा व स्वच्छ लागतो. तोबाच्या उद्रेकाने माणसाची वंशवेल खुडली का, हा वाद भारतात तोबाच्या राखेच्या वरखालच्या हत्यारांवर लढला गेला. मलावी तलावाच्या गाळात तोबाची काच सापडली तेव्हा तिच्या थरात थंडीची ठळक खूण मिळाली नाही. तिथे राख आणि हवामानाची नोंद एकाच चिखलात होती, म्हणून दोन वेगळी घड्याळे जुळवण्याची गरजच पडली नाही. बोरीसारख्या ठिकाणी राखेखालचा आणि राखेवरचा गाळ स्वतंत्रपणे, कणांवर शेवटचे ऊन कधी पडले ते सांगणाऱ्या प्रकाश-उद्दीपन पद्धतीने मोजून राखेचे वय दोन्हीकडून कोंडीत पकडता येते. त्यासाठी नमुना उन्हाचा एक किरणही न लागता, अंधारात, लोखंडी नळी ठोकून काढावा लागतो, आणि तो काढण्याआधी नदीने किंवा वाळू उपशाने तो काठ खाल्लेला नसावा लागतो.